बोललं ते लिहून घेणारा साहेब

तुमच्या ग्रुपवर आजच कुणीतरी लिहिलं असेल, की प्रोजेक्टचा पार राडा झालाय. दुसऱ्याला त्यात काहीतरी झोल वाटत असेल. तिसऱ्यानं तर आपली सगळ्यांची वाट लागल्याचं जाहीरही करून टाकलं असेल. हीच वाक्यं घरी आजोबांसमोर बोलून बघा. मराठीची तुम्ही काय दशा करून ठेवलीय, हे पुढची पंधरा मिनिटं ऐकावं लागेल.

गंमत म्हणजे, हे तिन्ही शब्द तुमच्या पिढीनं शोधलेलेच नाहीत. राडा म्हणजे चिखल, पाऊस पडून गेल्यावर अंगणात होतो तो. झोल म्हणजे दोरी किंवा कापड नीट ताणलं नाही, की मध्येच सैल लोंबतो तो भाग. आणि वाट म्हणजे साधा रस्ता. एखाद्या गोष्टीची वाट लावायची, म्हणजे तिला मार्गी लावायचं, निकालात काढायचं. 'विल्हेवाट' या शब्दात ती जुनी वाट अजून शाबूत आहे. चिखलाचा गोंधळ झाला, सैलपणाची लबाडी झाली आणि मार्गी लावण्याचं वाटोळं झालं. शब्द मात्र तेच राहिले.

शब्दांची अशी जुनी ओळखपत्रं शोधायला निघालात, तर एक नाव हमखास भेटतं. मराठीचे अभ्यासक, अनुवादक, जुनी कागदपत्रं वाचणारे संशोधक, सगळे एकमेकांना एकच सल्ला देतात, की मोल्सवर्थमध्ये बघ. वर्षानुवर्षं हे इतक्या वेळा म्हटलं गेलंय, की मोल्सवर्थ हे एखाद्या ग्रंथाचं नाव आहे असंच वाटावं. पण मोल्सवर्थ हा माणूस होता. जेम्स थॉमस मोल्सवर्थ. आणि तो मराठी शिकायला नव्हे, तर फौजेत नोकरी करायला इथे आला होता.

तुमच्या वयाचा एक शिपाईगडी

मोल्सवर्थचा जन्म १७९५ चा, इंग्लंडमधला. शिक्षण एक्सेटरला झालं. १८१२ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत एन्साइन, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरचा अधिकारी म्हणून दाखल झाला. वय सोळा-सतरा. म्हणजे तुमच्यातले बरेचजण अकरावीच्या ॲडमिशनच्या याद्या बघत होते, त्या वयात हा मुलगा शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात आला. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता.

कंपनीच्या अधिकाऱ्याला इथली भाषा येणं ही सोय होती आणि फायद्याचंही होतं. शिपायांशी बोलायचं, रसद गोळा करायची, गावच्या पाटलाला काही विचारायचं, तर दरवेळी दुभाष्या कुठून आणणार? मोल्सवर्थ भाषा शिकायला लागला आणि त्यातच रमला. पुढे तो लेफ्टनंट झाला, मग कॅप्टनही झाला. पण त्याचं डोकं कवायतीपेक्षा शब्दांतच जास्त चालत होतं.

हा काळ लक्षात घ्या. १८१८ मध्ये पेशवाई संपली. शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण लागलं. एक राज्य बुडतं तेव्हा नुसता राजा जात नाही. त्याची नाणी जातात, वजनंमापं जातात, हुद्दे जातात, कचेरीत बोलले जाणारे शेकडो शब्द बेकार होतात. नव्या सरकारला राज्य चालवण्यासाठी मराठी हवी होती, मराठीवरच्या प्रेमापोटी नव्हे. हे कडू वाटलं तरी खरं आहे. मराठीचा तो मोठा कोश जिंकणाऱ्यांच्या गरजेतून जन्माला आला.

त्याआधी कोश नव्हतेच असं नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीनं १८१० मध्ये मराठीचा कोश छापला होता. मुंबईत व्हान्स केनेडीचा कोश १८२४ मध्ये आला. पण हे कोश लहान होते. रस्त्यावर, स्वयंपाकघरात, बाजारात जी मराठी धो धो वाहत होती, ती त्यांत मावली नव्हती.

पंचवीस हजार नाही, चाळीस हजार

१८२५ च्या सुमारास सरकारनं मोल्सवर्थला या कामावर नेमलं. मदतीला जॉर्ज कँडी आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ. दोघंही लष्करातलेच. आणि हाताशी मराठी पंडितांची एक तुकडी. शब्द गोळा करायचे, ते एकेक करून पुढ्यात घ्यायचे, खरंच बोलले जातात का हे तपासायचं, अर्थ लावायचा, वापर दाखवायचा, मग पुढचा शब्द. आज तुम्ही सर्चमध्ये एक शब्द टाकता आणि अर्ध्या सेकंदात उत्तर येतं. इथे सगळं कागद, बोरू आणि माणसांच्या आठवणीवर चाललं होतं.

सुरुवातीला जमलेली यादी होती साधारण २५ हजार शब्दांची. त्यातलं गाळत, त्यात भर घालत १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापून झाला, तेव्हा शब्दसंख्या ४० हजारांच्या घरात गेली होती. त्याच सुमारास, १८२९ मध्ये, सरकारी पंडितांनी केलेला मराठी-मराठी 'महाराष्ट्र भाषेचा कोश'ही आला होता. म्हणजे एकाच वेळी मराठी शब्दांची दोन मोठी मोजदाद चालू होती.

मग मोल्सवर्थचंच नाव का उरलं? कारण त्यानं शब्दाला दारात उभं करून जात विचारली नाही. संस्कृतातून आलेला शब्द घेतला, तसाच फारसीतून, अरबीतून, हिंदुस्थानीतून आलेलाही घेतला. तो कुठून आला याची खूण शेजारी केली, पण बाहेरचा म्हणून हाकलला नाही. कोकणात एखादा शब्द वेगळा असेल तर तसं नोंदवलं. हात, तोंड, पाय, डोळा अशा साध्या शब्दांखाली वाक्प्रचारांच्या रांगाच्या रांगा लावल्या. म्हणी घेतल्या. शिव्या घेतल्या. त्यातल्या काही अशा आहेत, की आज २१ व्या शतकातही आम्ही त्या या पानावर छापू शकणार नाही.

आवाजाच्या शब्दांवर तर त्याचा विशेष जीव. धडधड आणि धडाधड यांत फरक आहे, हे तुम्हाला कळतं. छाती धडधडते, पण दारं धडाधड आपटतात. हा फरक परक्या माणसाच्या कानानं टिपायचा आणि दुसऱ्या परक्या माणसाला इंग्रजीत समजावून सांगायचा, हे करून बघा एकदा. मराठीतला गोंधळ समजावताना हा गडी इंग्रजीतलेही रस्त्यावरचे शब्द बेधडक वापरतो. 'हिगल्डी-पिगल्डी'सारखा शब्द सरकारी खर्चानं छापलेल्या कोशात सापडतो, तेव्हा कॅप्टनसाहेबांना विनोदबुद्धी होती यावर विश्वास बसतो.

अवारू, उधानू, पोकू

तुमच्या ग्रुपची एक खास भाषा असते ना? एखाद्या सरांचं टोपणनाव, कँटीनच्या उधारीचा कोडवर्ड, कुणी आलं की गप्प बसायचा इशारा. बाहेरच्याला काही कळू नये, हाच तिचा उद्देश.

अशीच एक भाषा जुन्या बाजारात होती. तिचं नाव नंदभाषा. गिऱ्हाईक समोर उभं असताना दोन व्यापाऱ्यांना भावाबद्दल बोलायचं असेल, तर आकडे उघड कसे सांगणार? म्हणून त्यांनी आकड्यांना वेगळीच नावं दिली. एक म्हणजे केवली, दोन म्हणजे अवारू, तीन म्हणजे उधानू, चार म्हणजे पोकू, पाच म्हणजे मुळू. गिऱ्हाईक बिचारं बघत राहायचं आणि त्याच्या नाकावर टिच्चून सौदा ठरायचा.

हा शुद्ध स्लँग आहे. कुठल्याही पोथीत नसलेला, लपवण्यासाठीच बनवलेला. एखाद्या पंडिताला सहज वाटलं असतं, की हे कशाला कोशात? पण मोल्सवर्थच्या कोशात नंदभाषा आहे, तिच्या आकड्यांसकट. व्यापाऱ्यांचं ते गुपित आज आपल्याला वाचता येतं, ते कुणीतरी वेळेवर लिहून ठेवलं म्हणून.

सोडून गेला, परत आला

पहिला कोश झाल्यावर मोल्सवर्थ लगेच उलट दिशेच्या, म्हणजे इंग्रजी-मराठी कोशाला लागला. पण प्रकृतीनं साथ सोडली. १८३६ मध्ये त्याला काम अर्धवट टाकून इंग्लंडला परतावं लागलं. ते काम थॉमस कँडीनं पुढे नेलं आणि १८४७ मध्ये पूर्ण करून छापलं. (हाच तो कँडी, ज्यानं १८५० मध्ये मराठीत विरामचिन्हांवर पुस्तक लिहिलं. तुम्ही मेसेजमध्ये एकावर एक तीन प्रश्नचिन्हं टाकता, त्यातल्या पहिल्याचं श्रेय त्याला द्यायला हरकत नाही.)

मोल्सवर्थ श्रद्धाळू ख्रिस्ती होता. लष्करी पेशा आपल्या धर्माशी जुळत नाही असं वाटल्यावर त्यानं तो सोडला आणि त्याचं निवृत्तिवेतनही घेतलं नाही. म्हणजे माणूस आजारी, पगार नाही, कोश छापून झालेला, नाव झालेलं. गोष्ट इथेच संपायला हवी होती.

ती संपली नाही. कोशाची नवी आवृत्ती काढायची म्हणून सरकारनं त्याला बोलावलं आणि १८५१ मध्ये तो पुन्हा मराठी मुलखात आला. वय ५६ च्या आसपास. पुन्हा तेच काम, एकेक शब्द. आधी निसटलेले, आधी चुकलेले, पंधरा वर्षांत नव्यानं रुळलेले. सहा वर्षांनी, १८५७ मध्ये, दुसरी आवृत्ती बाहेर पडली. सुरुवातीला डॉ. जॉन विल्सन यांची मराठी भाषेवरची सविस्तर टिपणं, आणि पुढे जवळपास ६० हजार शब्द. म्हणजे पहिल्यापेक्षा तब्बल २० हजार जास्त. उत्तरेत उठाव पेटला होता, मुंबईत विद्यापीठ स्थापन होत होतं, त्याच वर्षी हे जाडजूड पुस्तक छापखान्यातून बाहेर आलं.

पहिला कोश करणं ही हुशारी होती. पण आपलंच काम अपुरं आहे हे मान्य करून परत येणं, यात मला तो खरा मोठा वाटतो. भाषेचं काम कधी पूर्ण होत नाही, हे त्याला कळलं होतं. १८६० मध्ये तो कायमचा इंग्लंडला गेला आणि १८७१ मध्ये वारला.

मुखपृष्ठावर नसलेली माणसं

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. ६० हजार शब्द मोल्सवर्थला कुणी सांगितले?

कोशाच्या पहिल्या पानावर तीन नावं आहेत. मोल्सवर्थ आणि दोन कँडी. ज्या पंडितांनी यादी केली, अर्थ सांगितले, चुका काढल्या, त्यांची नावं त्या पानावर नाहीत. आणि त्या पंडितांनी तरी शब्द कुठून आणले? मोटेवरच्या शेतकऱ्याकडून, जात्यावरच्या बाईकडून, सराफाकडून, सुताराकडून, भांडणाऱ्या शेजारणींकडून. त्यांना कोश म्हणजे काय हेही माहीत नसेल. शिवाय हे सगळं लिहिता येणाऱ्यांच्या कानांमधून गाळून आलं. जे शब्द त्या कानांपर्यंत पोचलेच नाहीत, गावकुसाबाहेरचे, डोंगरातल्या पाड्यांवरचे, ते किती असतील? कोश कितीही मोठा असला, तरी तो ज्यांना विचारलं त्यांच्याचइतका मोठा असतो.

हे सांगितल्यानं मोल्सवर्थ लहान होत नाही. उलट काम कुठून पुढे न्यायचं ते कळतं. आणि ते नेलंही गेलं. बाबा पदमनजींनी विद्यार्थ्यांना परवडेल असा त्याचा संक्षेप केला. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' काढला. मग त्यांनी फक्त वाक्प्रचारांचा वेगळा कोशही केला. १९७५ मध्ये पुण्यात मोल्सवर्थचं पुनर्मुद्रण झालं. आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात तो मोफत बघता येतो, अगदी लेक्चर चालू असताना बाकाखाली मोबाईल धरूनसुद्धा. (तसं करा असं आम्ही म्हणत नाही.)

चौकट : रोजचेच शब्द, जरा उलटून बघा

*औट घटकेचं राज्य :* हा इंग्रजीतला 'आउट' नव्हे. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणायचे. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे औट घटका झाल्या ८४ मिनिटं. फेस्टचे कोऑर्डिनेटर झालात की हिशोब लक्षात ठेवा.

*भाऊगर्दी :* लोकलच्या गर्दीशी याचा थेट संबंध नाही. यातले भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि प्रसंग १७६१ चा, पानिपतचा. 'गर्दी' म्हणजे तेव्हा नुसती दाटी नव्हती, तर दाणादाण, धुमश्चक्री. 'गुंडगर्दी'त तो जुना अर्थ अजून जिवंत आहे.

*नावाला बट्टा :* पूर्वी बाजारात तऱ्हेतऱ्हेचे रुपये चालायचे. नाणं झिजलेलं किंवा हलकं असलं, की सराफ त्याच्या किमतीतून काही रक्कम कापायचा. ती कपात म्हणजे बट्टा. नावाला बट्टा लागला म्हणजे तुमच्या नाण्याची किंमत उतरली.

*पासंगालाही न पुरणे :* तराजूची दोन पारडी सारखी करायला हलक्या बाजूला जे छोटं वजन लावतात, ते पासंग. म्हणजे समोरच्याच्या वजनाशी तुलना सोडाच, पारडं सारखं करण्याइतकेही तुम्ही भारी नाही!

*हरकत :* अरबीत याचा अर्थ हालचाल. मराठीत आल्यावर त्याचा झाला आक्षेप. गाण्यात गायक हरकत घेतो, तिथे मात्र ती हालचाल पुन्हा दिसते.

*अपरोक्ष :* सगळ्यात जास्त उलटा वापरला जाणारा शब्द. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, पाठीमागे. अपरोक्ष म्हणजे त्याच्या विरुद्ध, समोर. 'माझ्या अपरोक्ष निर्णय घेतला' अशी तक्रार करताना तुम्ही खरं तर तो तुमच्यासमोरच घेतला असं सांगत असता.

*उपहार आणि उपाहार :* उपहार म्हणजे भेटवस्तू. उपाहार म्हणजे हलकं खाणं. त्यामुळे ज्या कँटीनवर 'उपहारगृह' अशी पाटी आहे, तिथे बिल मागितलं तर नाराज व्हायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

*दुरवस्था :* दुः अधिक अवस्था, म्हणून दुरवस्था. 'दुरावस्था' लिहिली, की शब्दाचीच दुरवस्था होते.

मग चूक कशाला म्हणायचं?

चौकट वाचून तुम्ही म्हणाल, की एकीकडे म्हणता शब्द बदलतात, आणि दुसरीकडे चुका काढता. नक्की काय?

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'हरकत'चा अर्थ बदलला तेव्हा सगळ्या मराठी माणसांनी मिळून बदलला. आता मूळ अरबी अर्थाचा आग्रह धरणारा हास्यास्पद ठरेल. पण 'अपरोक्ष'चं तसं झालेलं नाही. काहीजण एका अर्थानं वापरतात, काहीजण बरोबर उलट्या. असा शब्द तुम्ही एखाद्या अर्जात, नोटिशीत किंवा बातमीत लिहिलात, तर वाचणारा तुम्हाला सोयीचा तोच अर्थ घेईल याची काय खात्री? तिथे भांडण शुद्धतेचं नसतं, तुमचं म्हणणं पोचतंय की नाही याचं असतं. म्हणून अर्थ माहीत असावा. वापरायचा की नाही, ते मग ठरवा.

मोल्सवर्थनं काम याच क्रमानं केलं. आधी लोक काय बोलतात ते ऐकलं आणि लिहून घेतलं. चांगलं-वाईट, घरचं-बाहेरचं या खुणा नंतर. आपण नेमकं उलटं करतो. शब्द कानावर पडला, की आधी नाक मुरडतो, त्यामुळे तो लिहून घ्यायचा राहूनच जातो.

आणि कॉलेजच्या शब्दांचं आयुष्य फार लहान असतं. तीन वर्षांत बॅच बाहेर पडते आणि तिची भाषा तिच्याबरोबर जाते. तुमच्या आईबाबांना विचारून बघा, त्यांच्या कट्ट्यावर 'भाव खाणाऱ्या' मुलाला आणखी काय काय म्हणायचे. त्यांना आठवायला वेळ लागेल. काही शब्द आठवतील, काही गेले ते गेलेच.

म्हणून एक करा. फोनमध्ये एक नोट उघडा. तुमच्या ग्रुपमध्ये, हॉस्टेलवर, गावाकडे, मामाच्या दुकानात ऐकलेला, कुठल्याही पुस्तकात नसलेला एक शब्द तिथे लिहा. त्याचा अर्थ, तो वापरून एक वाक्य, कुठल्या गावात ऐकला आणि कुठल्या वर्षी. एवढंच. आणि ज्या माणसानं तो सांगितला, त्याचं नावही, त्याची हरकत नसेल तर, शेजारी लिहून ठेवा. मोल्सवर्थच्या कोशातून राहून गेलेली ती एक गोष्ट आपल्याला करता येण्यासारखी आहे.